दहाव्या वेळचं 'हो'

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका ताईंनी परवा मला थांबवलं. "पोरगा २८ वर्षांचा झाला, नोकरी हाय, तरी महिनाअखेरीला पैसे मागतोय. नऊ वेळा न्हाई म्हणतो मी, तरी सोडत न्हाई."

"आणि दहाव्या वेळी?"

"देतो की. शेजारीपाजारी ऐकत्यात, आरडाओरडा कशाला?"

त्या दहाव्या वेळीच सगळी मेख आहे.

१९३०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर उंदरांवर प्रयोग करत होते. उंदरानं पेटीतला दांडा दाबला की खाद्याची गोळी मिळायची. गोळ्या त्यांना स्वतः बनवाव्या लागत. एका शनिवारी त्यांच्या लक्षात आलं, साठा सोमवारीच संपणार. मग त्यांनी दर वेळी गोळी देणं बंद करून मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. उंदीर दाबतच राहिले! पुढे १९५७ मध्ये स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी अशा प्रयोगांचा जाडजूड ग्रंथच काढला. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं, की प्राणी लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळणारं बंद झालं, तर तो कितीतरी जास्त वेळ चिकाटीनं प्रयत्न करतो. साहजिक आहे, दहा वेळा रिकामं जाणं त्याच्या सवयीचंच असतं.

मेंदूत याची खूण सापडते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींची, नोंद घेतली. या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. त्यांच्या गटाच्या २००३च्या प्रयोगात माकडाला एक चित्र दिसे, त्यावरून रस मिळण्याची शक्यता ०, २५, ५०, ७५ की १०० टक्के ते कळे. चित्र दिसल्यापासून रसाच्या क्षणापर्यंत हळूहळू चढत जाणारी या पेशींची आणखी एक हालचाल सर्वांत जास्त होती ५० टक्क्यांना. नक्की मिळणार किंवा नक्की नाही, या दोन टोकांना ती जवळपास नव्हतीच. मिळेल की नाही, या टांगणीलाच मेंदू ताणलेला राहतो.

आता ताईंचं घर बघा. पैसे मिळतात दहाव्या, सगळ्यात मोठ्या आवाजाला. म्हणजे पोरगा नुसतं मागायला नाही, ओरडायला शिकतो.

ठाम राहिलं की अनेकदा आधी बिघडतं. विझण्याआधी वात मोठी होते, तसं मागणं वाढतं, भांडण वाढतं. बरेच पालक इथंच नमतात. इथंच कुणीतरी साडेसातीही काढतं. शांती केल्यावर भडका ओसरला, तर श्रेय शांतीला जातं. तो तसाही ओसरणार होता. माणसाचं दुःख आणि पैसा दोन्ही असे वाया जातात, याचा मला मनापासून राग येतो.

मुलगा अर्थातच उंदीर नाही. त्याला भाषा कळते, म्हणून शांत वेळी आधीच सांगावं. 'तू मागू नकोस' हे आपल्या हातात नाही, 'मी देणार नाही' हे आहे. आणि दोन महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, तो पुन्हा एकदा मागून बघेल. विझलेलं वर्तन असं मध्येच डोकं वर काढतं. तेव्हा एकदा दिलं, की पहिल्यापासून सुरुवात.

काल ताई पुन्हा भेटल्या. "जेवता जेवता उठला, दार आपटून गेला. अर्धी भाकरी ताटात तशीच."

"मग?"

"भाकरी झाकून ठेवली. पाकीट न्हाई काढलं."