तिशीनंतरची मोफत तपासणी: हा हक्क आला कुठून?

चाळिशी आली की एकदा सगळं तपासून घ्यावं, असं नाशिकमध्ये सर्रास म्हणतात. सरकारी कार्यक्रमात मात्र ही वयोमर्यादा तीस आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊकच नसते.

नियमित तपासणीचा हक्क आपल्याकडे आधी नोकरीच्या जोडीने आला. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी मालकावर बंधनकारक झाली. सातपूर-अंबडच्या कामगाराला त्याचा आधार होता; पंचवटीतल्या रिक्षावाल्याला किंवा निफाडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईला कशाचाच नव्हता.

२०१० मध्ये मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आणि पक्षाघातासाठी राष्ट्रीय कार्यक्रम १०० जिल्ह्यांत सुरू झाला. खरा बदल २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी केला. रुग्णाची वाट न पाहता तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी करायची, स्त्रियांची त्याबरोबर स्तनाची आणि गर्भाशयमुखाचीही, असं ठरलं.

तीसच का? एक तर मधुमेह आणि हृदयविकार आपल्याकडे लवकर गाठतात. शिवाय गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग तरुणपणी बहुतेकदा आपोआप जातो. तिशीनंतर टिकून राहिला तर धोका वाढतो. या वयात तपासणी केली तर जीव वाचतात, याचा भक्कम पुरावा मराठवाड्यातूनच आला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: एचपीव्ही चाचणी ज्या गटाला एकदाच देऊ केली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यापाड्यातल्या बायकांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे, आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. कार्यक्रमात मात्र स्वस्त पडते म्हणून ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत घेतली गेली.

आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, याला गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. कमी गुण म्हणजे आपण अपात्र, असा समज होतो. तो चुकीचा आहे. गुणांवरून फक्त आधी कोण हे ठरतं, तिशी ओलांडलेले सगळेच पात्र असतात. बीपी-शुगर दरवर्षी, कर्करोगाच्या तपासण्या पाच वर्षांतून एकदा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे. स्वागत आहेच, पण हा हक्क पुन्हा मालकामार्फत येतो. पेठ-सुरगाण्याहून हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येणाऱ्या मजुरांचं नाव गावाकडच्या आशाताईंच्या यादीत असतं. फॉर्म भरायला त्या दारात येतात तेव्हा घराला कुलूप असतं, आणि बागेवर या मजुरांची यादी कोणाकडेच नसते.