आर६बी की आयए६बी? विमानासाठी रिसीव्हर घेण्याआधी

सांगली-साताऱ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना एरोमॉडेलिंगचा नाद लागला की हातात पहिला ट्रान्समीटर (विमान चालवायचा रिमोट) येतो तो बहुतेक वेळा फ्लायस्काय कंपनीचाच. एक तर पास आउट होणाऱ्या सीनियरने जाता जाता विकलेला, स्क्रीन नसलेला सीटी६बी, नाहीतर नवाकोरा आय६. इथवर सगळं ठीक असतं. घोळ होतो तो दुसरा रिसीव्हर, म्हणजे विमानात बसून ट्रान्समीटरचे हुकूम झेलणारा डबा, घेताना. ऑनलाइन 'सहा चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झ' एवढंच वाचून ऑर्डर टाकली जाते, आणि समोर दिसत असतात दोन माल: एफएस-आर६बी आणि एफएस-आयए६बी. कंपनी एक, चॅनेल (वेगवेगळ्या हुकमांच्या वाटा) तेवढेच, नावाच्या शेपटीला दोन्हीकडे ६बी. तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

२.४ हा नुसता पट्टा आहे. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून विनापरवाना खुला आहे, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि आपलं विमान, सगळे तिथेच गर्दी करतात. या गर्दीतून वाट काढायला ट्रान्समीटर सतत वारंवारता बदलत राहतो आणि रिसीव्हर त्याच क्रमाने त्याच्या मागे जातो. हा क्रम कोणता आणि माहिती कशी बांधायची, हे प्रोटोकॉल ठरवतो. आर६बीचा प्रोटोकॉल एएफएचडीएस, आयए६बीचा एएफएचडीएस २ए. सांगली स्टँडवर सगळ्या एसट्या लालच दिसतात, चढायचं असतं पाटी वाचून. इथली पाटी म्हणजे हा प्रोटोकॉल.

सीटी६बीला फक्त जुना एएफएचडीएस येतो, त्यामुळे तो असेल तर विचार करायला फार काही उरतच नाही. आर६बी घ्या. आयए६बीशी सीटी६बी कधीच बाइंड होणार नाही, म्हणजे त्यांची जोडी जमणार नाही. बाइंड प्लग लावा, बटण दाबून धरा, काहीही करा, रिसीव्हरचा दिवा लुकलुकतच राहतो. मग 'पीस डिफेक्टिव्ह आहे' म्हणून परत पाठवला जातो, आणि बदलून आलेला दुसराही तसाच लुकलुकतो!

आय६ मुळात २एवाला, पण त्याला मागे जायची सोय आहे. त्याच्या मेनूत आरएक्स सेटअपमध्ये जाऊन जुना एएफएचडीएस निवडता येतो आणि मग आर६बी जोडता येतो. घरात आर६बी बसवलेलं जुनं विमान पडून असेल तर ते असं उडवायला काहीच हरकत नाही. सर्व्होच्या (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) वायरीही हलवाव्या लागत नाहीत: एक नंबरच्या चॅनेलला एलेरॉन, दोनला एलेव्हेटर, तीनला थ्रॉटल, चारला रडर. पण आय६ हातात असताना नवा आर६बी विकत घेणं माझ्या मते पैसे वाया घालवणं आहे, कारण आयए६बीची खरी किंमत त्याच्या उलट बोलण्यात आहे. आर६बी फक्त ऐकतो. आयए६बी ऐकतो आणि वरून खबरही देतो.

ही खबर काय असते ते नीट समजून घ्या, इथे चांगले चांगले फसतात. आय६च्या स्क्रीनवर रिसीव्हरचं व्होल्टेज दिसतं, समजा ५.० किंवा ५.१. ते विमानातल्या लायपो बॅटरीचं नसतं. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीमध्ये बीईसी नावाचा भाग असतो, त्याने बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हरला जे पाच व्होल्ट दिले, ते असतं. थ्री-एस (तीन सेलची) लायपो भरलेली असताना १२.६ व्होल्ट असते. ती पार खाली आली तरी स्क्रीनवर पाचच्या आसपासच आकडा दिसत राहतो, आणि पोरगं निवांत आणखी एक चक्कर मारतं. पॅकचं व्होल्टेज बघायचं तर आयए६बीच्या सेन्सर पोर्टला वेगळा व्होल्टेज सेन्सर जोडावा लागतो. मग पाचचा आकडा बिनकामाचा का? नाही. चारही सर्व्हो एकदम जोरात फिरवले आणि तो धाडकन खाली आला, तर बीईसी कमी पडतोय हे जमिनीवरच कळतं. 'सिग्नल गेला' म्हणून ज्या अपघातांचं खापर रेडिओवर फुटतं, त्यातले कित्येक या बीईसीचे असतात.

आयए६बीच्या शेजारीच आयए६ नावाचा आणखी एक भाऊ दिसेल. प्रोटोकॉल तोच २ए, पण हा उलट बोलत नाही. त्याचं वजन ६.४ ग्रॅम, आयए६बीचं १४.९. दोनशे ग्रॅमच्या थर्माकोलच्या विमानात हा फरक जाणवतो, तिथे आयए६ खुशाल घ्या. मोठ्या विमानात नको.

अँटेनाचंही बघा. आयए६बीला दोन असतात. त्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, बॅटरी आणि कार्बनच्या दांड्यापासून लांब. टोकाची उघडी तार लांब वाटली म्हणून कापायची नाही. आणि रिसीव्हर कितीही भारी असला तरी आपल्याकडचा ऊस लक्षात ठेवा. उभ्या उसाच्या हिरव्या पाल्यात पाणी भरपूर, आणि पाणी २.४ चा सिग्नल पितं. विमान फडामागे खाली उतरलं की मध्ये भिंतच उभी. तोडणी झालेलं रान मिळालं तर उत्तम, नाहीतर फडाच्या अलीकडेच वळवा.

कुठलाही घ्या, बाइंड झाल्यावर एक गोष्ट घरच्या टेबलावरच करून बघा. प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढा, मोटर थोडी फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. आय६वर आरएक्स सेटअपमध्येच फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) आहे, तिथे थ्रॉटल शून्यावर ठेवून सेव्ह करा आणि पुन्हा तपासा. ट्रान्समीटर बंद होऊनही मोटर फिरतच राहिली, तर ते विमान मैदानावर न्यायचं नाही.