पार्श्वभूमी : 'क्षार' या शब्दाचा घोळ

शाळेतल्या रसायनशास्त्रात आधी अणू येतो, मग बंध आणि शेवटी आम्ले. इतिहासात हा क्रम जवळजवळ उलटा होता. आंबट काय ते जिभेला केव्हाच कळले होते, अणूच्या पोटात काय आहे ते फार उशिरा कळले. इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, केंद्रक 1911 मध्ये. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात आणि त्यातून बंध तयार होतो, ही कल्पना 1916 ची. ज्याच्या आधाराने आम्लापासून सॉल्ट बनते तो 'बेस', हे मात्र एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1754 मध्येच मांडले होते.

पुढे फ्रान्समध्येच एक गफलत झाली. प्रत्येक आम्लात एक ठरावीक वायू असतोच, असे समजून त्याला 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले गेले. मिठापासून काढलेल्या आम्लात तो मुळी नाहीच, हे 1810 मध्ये उघड झाले, पण नाव राहिले ते राहिलेच. 'प्राणवायू' म्हणणारी मराठी त्या चुकीतून सुटली.

मराठीची स्वतःची चूक वेगळी आहे आणि माझ्या मते ती जास्त त्रासाची आहे.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेल्यांसाठी आम्ल, बेस आणि सॉल्ट यांना आसिदु, बाझ, साल असे तीन स्वच्छ शब्द होते. मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या. गोव्याचे स्वतःचे माध्यमिक मंडळ 1975 मध्ये आले, तोवर परीक्षा पुण्याच्या मंडळाची. त्यामुळे मराठीतून विज्ञान वाचणाऱ्यांकडे परिभाषाही महाराष्ट्रातलीच आली. तिथे आज आम्ल, आम्लारी आणि क्षार असे त्रिकूट आहे. आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, म्हणजेच बेस. क्षार म्हणजे सॉल्ट. दरम्यान केंद्राने 1961 मध्येच शास्त्रीय शब्दावलीसाठी आयोग नेमला होता. हिंदीत रूढ झालेल्या शब्दांत सॉल्ट म्हणजे लवण, बेस म्हणजे क्षारक आणि अल्कली (पाण्यात विरघळणारा बेस) म्हणजे क्षार. शब्द एकच, पण सीमेपलीकडे तो थेट विरुद्ध बाजूला जाऊन बसतो.

गेल्या वर्षी पेडण्याचा एक मुलगा शिकवणीला यायचा. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत, रात्री मोबाइलवर हिंदी व्हिडिओ. त्याने वहीत लिहिले होते : 'मीठ हा क्षार आहे. क्षार लाल लिटमस निळा करतो. म्हणून मीठ लाल लिटमस निळा करते.' पहिले वाक्य मराठीत बरोबर, दुसरे हिंदीत बरोबर, तिसरे कुठेच नाही. मिठागराच्या बांधावर वाढलेल्या पोराला मिठाबद्दल असे लिहावे लागावे!

जुना अर्थ पाहिला तर हिंदीची बाजू भक्कम आहे. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळणारा दाहक पदार्थ. यवक्षार जवाच्या राखेचा. 'अल्कली' हा अरबीतून आलेला शब्दही राखेशीच जोडलेला आहे. पण मराठी जिभेने 'खार' दोन्हीकडे वापरला. खारे पाणी मिठाचे, आपल्याकडचे 'खारें' म्हणजे मीठ लावून सुकवलेली मासळी, आणि तरी पापडखार नि टाकणखार आम्लारिधर्मी. पापडखाराची चिमूट भिरंडीच्या (कोकमाच्या) आगळात टाकून पाहा : फेस येतो आणि तांबडा रंग काळसर पडतो. मिठाने यातले काही होत नाही. सॉल्टसाठी लवण हा शब्द मराठीतही होता. तो घेतला असता तर हा गुंता टळला असता. आम्लारी मात्र झकास शब्द, त्याला हात लावू नये.

प्राथमिक शाळांना अनुदान फक्त कोकणी-मराठी माध्यमालाच, हा निर्णय 1990 चा. 2011 मध्ये इंग्रजीलाही ते खुले झाले. त्यावरचे मोर्चे-प्रतिमोर्चे सर्वांना माहीत आहेत. वर्गातला परिणाम एवढाच की नवी मुले सरळ बेस आणि सॉल्ट म्हणतात. काही जण याला परिभाषेचा प्रश्न सुटला असे म्हणतात. मला तो फक्त वर्गाबाहेर गेलेला दिसतो.

कारण घरात शब्द जिवंत आहेच. विहिरीच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणतो, 'क्षार बसलाय.' ती खपली मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये टाकली की ती फसफसते आणि विरघळत जाते. म्हणजे रचनेने सॉल्ट, पण आम्लाशी गाठ पडली की वागणे आम्लारीसारखे. दुरुस्तीवाल्याचा 'क्षार' दोन्ही अर्थांनी बरोबर असतो.