रोयणीच्या पोटातली शेती

गोव्यातल्या अनेक सातेरीच्या देवळांत गाभाऱ्यात वारूळ असतं. आम्ही त्याला रोयण म्हणतो. कुठे ती कमरेइतकी, कुठे त्याहून उंच; वर चांदीचा मुखवटा, साडी, अबोलीच्या वेण्या. पुढे बऱ्याच गावांत सातेरी शांतादुर्गेच्या रूपात पुजली जाऊ लागली, तरी रोयण हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. आता त्याच गावात कुणाच्या दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ चढलेली दिसू दे, लगेच फवारणीवाला हजर! रेघ काय आणि रोयण काय, दोन्ही वाळवीचंच बांधकाम. आणि श्रावणात मासे बंद झाले की ज्या अळम्यांच्या (अळंबीच्या) तोणाकावर, म्हणजे खोबऱ्याच्या वाटपातल्या रश्शावर, आम्ही तुटून पडतो, ती अळमीही वाळवीच्याच शेतात उगवलेली.

एकाच किड्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो, विष घालतो आणि त्याच्या जिवावर जेवतो. पहिल्या दोन बाबतींत आपले नियम पक्के आहेत. तिसऱ्या बाबतीत नियमच नाहीत, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

आधी वाळवीची ओळख नीट करून घेऊ. ती मुंगीच्या नात्यातली नाही, झुरळाच्या नात्यातली आहे. जनुकांचा अभ्यास झाल्यावर तिचा वेगळा गण मोडून तिला झुरळांच्या गणातच घातलं गेलं. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत. त्यांतल्या थोड्याच घराच्या वाशांना आणि फर्निचरला लागतात. बाकीच्या रानातला पालापाचोळा, मेलेलं लाकूड, वाळलेलं शेण मातीत परत नेऊन टाकतात. लाकूड खाणं सोपं, पचवणं महाकठीण. त्यातलं सेल्युलोज आणि त्याहून चिवट असं लिग्निन फोडायचं कसं? बऱ्याच जाती हे काम पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून करून घेतात. आपल्याकडे वारुळं उभारणाऱ्या ओडोंटोटर्मिस कुळातल्या वाळवीने मात्र शेती सुरू केली.

कामकरी वाळवी बाहेरून पालापाचोळा कुरतडून आणते, गिळते आणि तो अर्धवट पचलेल्या लेंड्यांच्या रूपात जमिनीखालच्या दालनात रचत जाते. त्यातून स्पंजासारखा, वळ्यावळ्यांचा तपकिरी गोळा तयार होतो. टर्मिटोमायसिस नावाची बुरशी त्यावर वाढते आणि लिग्निन-सेल्युलोज फोडून काढते. थोड्याच दिवसांत गोळ्यावर पांढऱ्या बारीक गाठी येतात. वाळवी त्या खाते आणि पुढे पिकून मऊ झालेला जुना गोळाही खाते. ही बुरशी निसर्गात वाळवीच्या शेतावरच सापडते आणि हिच्याशिवाय या वाळवीचं पोट भरत नाही. ही भागीदारी साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असं मानतात. माणसाची शेती जेमतेम १० ते १२ हजार वर्षांची!

शेती म्हटली की तण आलं. वारुळात स्यूडोझायलॅरिया नावाची दुसरी बुरशी टपून बसलेली असते. वाळवी वारूळ सोडून गेली की ती सगळा गोळा व्यापून टाकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगांत असं दिसलं की कामकरी वाळवी वासावरून पीक आणि तण वेगळं ओळखते आणि तणावर माती लोटून ते गाडून टाकते. डोळे नसलेल्या किड्याने अंधारात केलेली ही खुरपणी आहे.

आता रोयण. तिच्यात बसलेल्या लाखो जीवांना आणि त्याहून जास्त दमदार श्वास घेणाऱ्या बुरशीला हवा लागते. भिंती मात्र बंद, वर धुराडंही नाही. मग कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो कसा? २०१५ साली बंगळूरजवळच्या ओडोंटोटर्मिसच्या वारुळांवर झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. वारुळाच्या बाहेरच्या अंगाला उभ्या पातळ कडा असतात आणि त्यांच्या आत पोकळ्या. दिवसा या कडा लवकर तापतात, मधला गाभा थंड राहतो. त्यामुळे कडांमधली हवा वर चढते आणि मधून खाली उतरते. रात्री उलट. कडा गार पडतात, गाभा ऊबदार राहतो आणि हवेचं चक्र उलटं फिरतं. दिवसभर साचलेला कार्बन डायऑक्साइड रात्री भिंतींच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक एवढंच या यंत्राचं इंधन. भिंतीही साध्या चिखलाच्या नाहीत. लाळ मिसळून रचलेली ही माती कच्च्या मातीच्या सुमारे दहापट मजबूत भरते, असं भारतीय विज्ञान संस्थेतच मोजलं गेलं आहे. आपल्या पावसात वर्षानुवर्षं उभं राहायचं तर तेवढं हवंच.

नाग वारूळ बांधत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. सोडून दिलेली वारुळं मात्र त्याला, धामणीला, घोरपडीला उपयोगी पडतात. घोरपड तर वारुळात अंडी घालते. नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्यांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं.

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी आमच्याकडे दिवे मालवतात, नाहीतर पंखवाल्या वाळवीने घर भरून जातं. हे नव्या वसाहतीचे होऊ घातलेले राजे आणि राण्या. बेडूक, पाली, कोतवाल, कावळे यांची त्या दिवशी मेजवानी असते. वाचलेली जोडपी पंख टाकून जमिनीत शिरतात. बहुतेक जातींत ही जोडपी माहेरातून बुरशी बरोबर नेत नाहीत, म्हणजे संसार मांडला तो बियाण्याविना. राणी अंडी घालते, पहिली पिलं मोठी होतात आणि काही आठवड्यांनी पहिल्या कामकऱ्या पहिल्यांदा बाहेर पडतात. तेव्हा त्यांना बुरशीचे बीजाणू सापडले तर शेत लागलं. नाही सापडले तर वसाहत संपली.

नेमक्या याच सुमाराला जुन्या वारुळांतली बुरशी अळमी वर काढते. जमिनीखालच्या गोळ्यापासून एक लांब मूळवजा देठ वर येतो, टोकदार डोक्याने माती फोडतो, छत्री उघडते आणि छत्रीखालच्या पात्यांतून असंख्य बीजाणू झडतात. नव्या कामकऱ्यांना हवं असलेलं बियाणं ते हेच. (झांबियात याच कुळातल्या एका अळमीची छत्री मीटरभर रुंद होते. तिचं तोणाक अख्ख्या वाड्याला पुरेल.)

आणि इथेच आपण आडवे येतो. सत्तरी, डिचोली, फोंडा, काणकोणच्या रस्त्यांच्या कडेला पानांत बांधलेली अळमी शेकड्याच्या हिशेबाने विकली जातात आणि त्यांचा भाव मटणाला मागे टाकतो. सगळ्यांत जास्त भाव कळ्यांना, म्हणजे न उघडलेल्या अळम्यांना. उघडलेली छत्री गिऱ्हाईक नाकारतं, म्हणून काढणारे पहाटेच, छत्री उघडायच्या आत रान गाठतात. कळीतून एकही बीजाणू झडलेला नसतो. काढणाऱ्यांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. पावसाळ्यात दुसरं काम नसलेल्या कितीतरी घरांची त्यावर थोडी कमाई होते आणि जागा ओळखायचं ज्ञानही त्यांच्याकडेच आहे. कोणती छत्री विषारी आणि कोणती खाण्याजोगी हे त्यांना कळतं, सहलीला आलेल्याला कळत नाही. त्याने रानातल्या पांढऱ्या छत्रीला हात न लावलेलाच बरा.

गोवा विद्यापीठात या बुरशीवर दीर्घकाळ काम केलेले डॉ. नंदकुमार कामत यांनी तर रानातली अळमी खाऊच नका, असं जाहीर आवाहन केलं आहे. धिंगरी अळमी भाताच्या पेंढ्यावर सहज पिकते. टर्मिटोमायसिसची व्यापारी लागवड मात्र अजून कुणाला साधलेली नाही. प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढतात, पण वाळवीशिवाय भरवशाने छत्री धरत नाहीत. त्यामुळे बाजारात येणारं प्रत्येक रोयणीचं अळमं रानातलंच असतं. खाण, रस्ता, प्लॉट यांसाठी जिथे वारूळ सपाट होतं, तिथून ते कायमचं जातं.

खाणं पूर्ण सोडणं गोंयकाराला जमेल, असं मला वाटत नाही. पण कळ्यांचा हट्ट सोडणं जमण्यासारखं आहे. रोयणीपाशी थोड्या छत्र्या दोन-तीन दिवस उघड्या राहू द्यायच्या आणि मग काढायच्या, आणि आपण बाजारात उघडलेली अळमी तोच भाव देऊन घ्यायची. चव बिघडते असं म्हणणारे पुष्कळ आहेत. भाजलेलं खोबरं, धणे आणि मिरचीच्या वाटपात एकदा शिजल्यावर कळी कुठली आणि छत्री कुठली, हे मला तरी आजवर ओळखता आलेलं नाही.