बारा अक्षरी कोड आणि ‘रीमास्टर’चा घोळ

78 आरपीएमच्या तबकडीवर दोन क्रमांक असत. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक तबकडीचा, आणि लेबलालगतच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा. एलपी आणि कॅसेटच्या एकेका बाजूवर पाच-सहा गाणी आली आणि प्रत्येक गाण्याला स्वतःचा क्रमांक उरला नाही.

ती जागा 1986 साली आयएसओ 3901 या मानकाने भरली. त्यातून आलेला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख कोड, बारा अक्षरांचा: देशाची दोन अक्षरं (भारताची आयएन), नोंदणीदाराची (म्हणजे मुद्रणाला कोड देणाऱ्याची) तीन, वर्षाचे दोन अंक आणि पाच अंकी अनुक्रमांक. म्हणजे एका नोंदणीदाराला वर्षाला एक लाख कोड. वर्ष कोड दिल्याचं, गाणं मुद्रित केल्याचं नव्हे; 1950 च्या ध्वनिमुद्रणाला 2005 मध्ये कोड दिला तर त्यात 05 येतं. पहिल्या पाच अक्षरांवरून आजचा मालकही ठरवू नये. हक्क विकले तरी कोड तोच राहतो, आणि मानकाच्या 2019 च्या आवृत्तीनंतर देशाच्या अक्षरांना फारसा अर्थच उरलेला नाही.

कोड ध्वनिमुद्रणाचा, रचनेचा नाही. एकच अभंग दहा जणांनी गायला तर दहा कोड. एकाच गायकाची स्टुडिओतली आणि मैफिलीतली प्रत, तेही दोन. मात्र तेच मुद्रण चार संकलनांत घातलं तरी कोड एकच.

खरा वाद ‘रीमास्टर’, म्हणजे जुन्या मुद्रणाची पुन्हा नीट करून काढलेली प्रत, या शब्दाचा. नियम वाचायला सोपा आहे. नव्या माध्यमासाठी पातळी आणि इक्वलायझर जुळवून घेतले तर जुनाच कोड. खरखर, टचटच काढून ध्वनीचं पुरतं पुनरुज्जीवन केलं तर नवा. पण ही रेघ कुठे ओढायची हे नोंदणीदारच ठरवतो, आणि वेष्टनावर दोन्हींना ‘रीमास्टर’च म्हणतात. लाखेच्या तबकडीवरून उतरवलेल्या नाट्यपदात तर खरखर काढल्याशिवाय प्रत बाहेरच पडत नाही, मग तिचा जुना कोड कोणता? बहुतेक वेळा नसतोच, कारण 1986 पूर्वी कोड नव्हते. अडचण येते ती 1990 च्या सीडीवरून पुढे आलेल्या गाण्यांत. वितरक बदलला, नव्याने अपलोड करताना कोडची जागा रिकामी सोडली, की व्यवस्था आपोआप नवा कोड देते. ‘रीमास्टर’ हे मग निमित्त. ऐकण्याचे आकडे दोन कोडांत विभागले जातात आणि रॉयल्टीचा हिशेब जुळत नाही.

त्यात या कोडला तपासअंक, म्हणजे टंकताना झालेली चूक पकडणारा जादा अंक, नाही. बारकोडला असतो, रचनेच्या आयएसडब्ल्यूसी या कोडलाही असतो. इथे मात्र शून्याच्या जागी ‘ओ’ किंवा एकाच्या जागी ‘आय’ पडला, तर चुकीचा कोड बिनबोभाट स्वीकारला जाऊ शकतो. मानक आखतानाच ही सोय हवी होती, आता बारा अक्षरांत जागा नाही.

सीडीवर कोड क्यू-सबकोडमध्ये, म्हणजे ध्वनीसोबत वेगळ्या साठवलेल्या माहितीत असतो, ध्वनीत नाही. त्यामुळे सीडीवरून नुसती वेव्ह फाइल काढली की तो मागेच राहतो. एमपी3 मध्ये तो टीएसआरसी या टॅगमध्ये बसतो, पण तिथे तो कोणीतरी भरावा लागतो. पुन्हा प्रकाशन करताना आधी मूळ सीडीचा सबकोड वाचावा, तो प्रकाशकाच्या नोंदवहीशी ताडावा आणि कोड टंकण्याऐवजी नक्कल करून चिकटवावा. सबकोड रिकामा निघाला तरी लगेच नवा कोड घेऊ नये. मास्टर करताना तो भरायचा राहिला, पण नोंदवहीत दिलेला आहे, असं पुष्कळदा आढळतं.