स्पोर्ट्स कारचं प्रत्यक्ष ॲव्हरेज

स्पोर्ट्स कारचं प्रत्यक्ष ॲव्हरेज : एखादी स्पोर्ट्स कार रोजच्या रस्त्यावर, रोजच्या ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, एक लिटर पेट्रोलमध्ये खरोखर जितके किलोमीटर जाते तो आकडा. कंपनीने छापलेला आकडा वेगळा, तो लॅबमध्ये रोलरवर काढलेला असतो, आणि दोघांत तफावत सगळ्याच गाड्यांना असते, पण स्पोर्ट्स कारला ती बऱ्याचदा मोठी असते. एकाच गाडीला एकाच आठवड्यात सोलापूर शहरात ५ आणि पुणे हायवेला १२-१३ असं ॲव्हरेज पडू शकतं आणि दोन्ही आकडे खरे असतात, म्हणून अशा गाडीचा एकच आकडा सांगणं मुळात चूक आहे, सांगायची तर रेंज सांगावी लागते.

आधी शब्दाबद्दल. जाहिरातीत आणि पेपरात 'मायलेज' लिहितात, पण आपल्याकडे पंपावर किंवा गॅरेजमध्ये कोणी विचारतं ते 'ॲव्हरेज किती देते?' किंवा 'किती पडतं?' असंच. इंग्रजीतल्या ॲव्हरेज या शब्दाचं मूळ वादाचं आहे. एक मत असं की अरबीत 'अवार' म्हणजे मालातला दोष किंवा नुकसान, तो शब्द भूमध्य समुद्रातल्या व्यापारातून इटालियन 'अवारिया' आणि फ्रेंच 'अवारी' असा होत इंग्रजीत आला. जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला तर ते नुकसान सगळ्या व्यापाऱ्यांवर हिश्श्याने वाटलं जायचं, त्या वाटणीला ॲव्हरेज म्हणायचे आणि त्यातूनच पुढे 'सरासरी' हा अर्थ आला. दुसरं मत म्हणतं की शब्द मुळात रोमान्स भाषांमधलाच, अरबीशी साम्य नंतरचं. बरेचसे कोश पहिल्या मताकडे झुकतात आणि ते जास्त पटतंही, कारण सागरी विम्यात 'जनरल ॲव्हरेज' हा शब्द आजही त्याच नुकसान-वाटणीच्या अर्थाने चालतो. मराठीत तो गाडीला कसा चिकटला याचा सरळ खुलासा म्हणजे 'ॲव्हरेज कंझम्प्शन'मधलं शेपूट गळालं. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर, साधारण साठच्या दशकात, गॅलन-मैल जाऊन लिटर-किलोमीटर आले, तेव्हा मैल पोटात असलेल्या 'मायलेज'पेक्षा 'ॲव्हरेज' बोलायला सोयीचं पडलं असावं. क्रियापद मात्र अस्सल आपलं आहे, म्हैस दूध देते तशी गाडी ॲव्हरेज देते.

स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचं यावरही एकमत नाही. पहिली कोणती यावर १९१० च्या आसपासच्या प्रिन्स हेन्री नावाच्या, व्हॉक्सहॉल आणि ऑस्ट्रो-डाइम्लर या कंपन्यांच्या गाड्यांचं नाव घेतलं जातं. भारतात या वर्गात धरता येतील अशा गाड्या थोड्याच झाल्या, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आणि २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली डीसी अवंती या त्यातल्या दोन. या नोंदीपुरतं कमी उंचीची, रुंद टायरची आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीची गाडी असं धरलं आहे, आणि 'गरजेपेक्षा जास्त' हाच ॲव्हरेजचा सगळा मामला आहे.

छापील आकडा कसा येतो हे नीट समजून घ्यायला हवं, कारण स्पोर्ट्स कारवर अन्याय झाला असेल किंवा तिला फुकट फायदा मिळाला असेल तर तो इथेच. अमेरिकेची शहरी टेस्ट साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी चालवून नोंदलेल्या वेगावरून तयार झाली. पण तेव्हाचे रोलर, म्हणजे डायनॅमोमीटर, जोराचा पिकअप सहन करू शकत नव्हते, टायर घसरायचा, म्हणून नोंदीतले सगळे जोरदार पिकअप कापून सेकंदाला ३.३ मैल प्रति तास, म्हणजे साधारण ५.३ किमी प्रति तास, एवढ्यावर आणले. या गतीने ० ते १०० ला जवळजवळ १९ सेकंद लागतात. युरोपची जुनी एनईडीसी सायकल (सायकल म्हणजे टेस्टमध्ये कधी किती वेग ठेवायचा याचा ठरलेला क्रम) तर याहून संथ, तिच्यातला सगळ्यात जोराचा पिकअप १.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे १०० गाठायला २६-२७ सेकंद. आता ४ सेकंदांत १०० गाठणारी गाडी या टेस्टमध्ये तिच्या ताकदीच्या किती थोड्या भागात चालते बघा, ज्यासाठी माणूस ती गाडी घेतो ते टेस्टमध्ये एकदाही घडत नाही.

भारतात गाड्यांची ही टेस्ट एमआयडीसी सायकलवर होते (अक्कलकोट रोडची एमआयडीसी नव्हे, ही मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) आणि टेस्ट करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय ही १९६६ ची संस्था सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीची इंडियन ड्रायव्हिंग सायकल १९८५ च्या सुमाराची, १०८ सेकंदांचा तुकडा परत परत, जास्तीत जास्त वेग फक्त ४२. नंतरची एमआयडीसी ही युरोपच्या एनईडीसीचीच आवृत्ती, जवळजवळ २० मिनिटं, साधारण साडेदहा किलोमीटर, फक्त टॉप स्पीड १२० ऐवजी ९० वर आणलेला. युरोपने २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी टेस्ट आणली, ती ३० मिनिटं आणि २३ किलोमीटरच्या वर, वेग १३१ पर्यंत जातो, त्यामुळे तिचे आकडे जमिनीच्या जास्त जवळचे. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, १९८५ पासून लॅबच्या आकड्यातून शहराला १० आणि हायवेला २२ टक्के कापायला सुरुवात केली आणि २००८ च्या मॉडेलपासून जोरात चालवणं, एसी आणि थंडी यांच्या वेगळ्या टेस्ट घेऊन आकडा काढला. माझ्या मते स्पोर्ट्स कारपुरता ईपीएचा आकडा सगळ्यात विश्वासाचा. बाहेरून थोड्या संख्येने आणलेल्या गाड्यांना २०१८ पासून इथली टेस्ट परत द्यावी लागत नाही, त्यामुळे शोरूमच्या कागदावरचा आकडा कोणत्या देशाच्या टेस्टचा आहे हे आधी विचारावं. एककाचाही घोळ होतो, अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५५ चा, म्हणजे तीच गाडी ब्रिटिश मासिकात वीस टक्के जास्त ॲव्हरेजची दिसते. गॅलनला किती मैल या अमेरिकन आकड्याला ०.४२५ ने आणि ब्रिटिश आकड्याला ०.३५४ ने गुणलं की आपला किमी-लिटर मिळतो.

आता गाडीला लागतं किती? दीड टन वजनाची, बसकी गाडी सपाट रस्त्यावर १०० ने चालवायला हवेचा आणि टायरचा मिळून साडेचारशे न्यूटनच्या आसपास विरोध असतो, म्हणजे साधारण १२ किलोवॅट, १६-१७ हॉर्सपॉवर. गाडीत असतात चारशे-साडेचारशे. पेट्रोल इंजिन आपल्या ताकदीच्या बऱ्यापैकी भागावर चालतं तेव्हाच कार्यक्षम असतं, थोड्या लोडवर थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद, इंजिनला हवा ओढतानाच झगडावं लागतं आणि पेट्रोल त्यात जातं. तेवढेच १६ हॉर्सपॉवर छोटं इंजिन स्वस्तात देतं, मोठं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं, महागात. यावरचे उपाय म्हणजे लांब टॉप गिअर आणि काही सिलिंडर बंद ठेवणं. २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये दोन्ही होते, म्हणून ६.२ लिटरचं व्ही८ असून तिचा ईपीए हायवे आकडा गॅलनला सुमारे २९ मैल, म्हणजे आपले १२ किमीच्या वर, आणि शहरात १७, म्हणजे जेमतेम ७. त्याच कॉर्व्हेटच्या १९८९ पासूनच्या मॅन्युअल गाड्यांमध्ये हळू पिकअपला पहिल्यावरून गिअर सरळ चौथ्यातच जाईल अशी सोय केली होती, कारण अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने कमी ॲव्हरेजच्या गाड्यांवर 'गॅस गझलर' टॅक्स लागतो. मालकांनी ती सोय काढून टाकली तरी छापील आकडा तोच राहायचा. तफावत अशीही तयार होते.

पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की वेगळाच हिशोब. एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल जातं, फुल थ्रॉटलला ते १२-१२.५ ला एक इतकं घट्ट होतं, ताकदीसाठी आणि टर्बो व एक्झॉस्टचं तापमान आवरण्यासाठीही, म्हणजे काही पेट्रोल जळण्यापेक्षा थंड करायला वापरलं जातं. बुगाटी व्हेरॉन हे याचं टोक, ४०० च्या वरच्या वेगाला १०० लिटरची टाकी साधारण १२ मिनिटांत संपते असं सांगितलं जातं.

सोलापूरचा रस्ता अशा गाडीला हायवेवर चांगला आहे हे बऱ्याच जणांना पटत नाही. इथून पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर जवळजवळ सपाट, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, मध्ये घाट नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आणि पुणे त्याहून साधारण शंभर मीटर उंच, पण दीड टनाची गाडी शंभर मीटर चढवायला हिशोबाने पाव लिटरसुद्धा लागत नाही. खरा फरक पडतो वाऱ्याचा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पुण्याकडे जाताना समोरून येतो, २० किमी वेगाचा समोरचा वारा असला तर १०० च्या वेगाला हवेचा विरोध ४४ टक्के वाढतो आणि एकूण गरज पंचवीस टक्क्यांनी, येताना तोच वारा पाठीशी. त्यामुळे जूनमध्ये एका बाजूचंच ॲव्हरेज काढून कोणी सांगत असेल तर ते धरू नये, जाऊन-येऊन काढलेलंच धरावं. मे महिन्यात हवा गरम म्हणून पातळ होते, १५ अंशांच्या मानाने ४० ला आठेक टक्के, तेवढा हवेचा विरोध कमी, पण बेचाळीसच्या उन्हात एसी तो फायदा खाऊन टाकतो. चौपदरी हायवेला कारची मर्यादा १०० ची आहे आणि ती पाळली तर ॲव्हरेजही तिथेच चांगलं मिळतं, १४० ला हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. टोलनाक्याला थांबून परत वेग घेणं मात्र चुकत नाही, सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस.

शहरात सगळं उलटं. दीड टनाची गाडी एकदा ६० वर नेऊन ब्रेक मारला की साधारण २५ मिली पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत गेलं, चाळीस वेळा केलं की एक लिटर. सात रस्ता ते आसरा चौक किंवा विजापूर रोडला सैफुलपर्यंत सिग्नल, रिक्षा, स्पीडब्रेकर मोजले की हे चाळीस किती लवकर भरतात ते कळतं, शिवाय गाडी खाली घासू नये म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरला ती जवळजवळ थांबवावीच लागते. मोठं इंजिन एसीसकट नुसतं उभं असताना तासाला दीड-दोन लिटर पितं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत अर्धा तास अडकलं की पाऊण लिटर ते लिटर गेला आणि किलोमीटर शून्य. हलक्या गाडीचं इथे बरं चालतं, हजार किलोच्या थोडी वर असलेल्या माझदा एमएक्स-५ चे २०१६ चे ईपीए आकडे शहरात सुमारे ११.५ आणि हायवेला १४.५, म्हणजे दोन आकड्यांत फरकच थोडा. वजन कमी असणं हा ॲव्हरेजचा सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे असं मला वाटतं.

पेट्रोलबद्दल आपल्या जिल्ह्यात बोलायलाच हवं, कारण इथेनॉल आपल्याच उसातून निघतं. इथेनॉलचा उष्मांक लिटरला २१ मेगाज्यूलच्या आसपास, पेट्रोलचा ३२, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींना ६-७ टक्के घट धरली होती, ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्यांना १-२ टक्के. ऑक्टेन ही वेगळी गोष्ट, ती ऊर्जा नाही, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकणं, टाळण्याची ताकद आहे. स्पोर्ट्स कारला बहुधा ९५ किंवा ९८ लागतं आणि साधं पेट्रोल आपल्याकडे बरीच वर्षं ९१ चं होतं, कमी ऑक्टेन घातलं की नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद व ॲव्हरेज दोन्ही पडतं, उन्हाळ्यात जास्तच. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये पुणे-मुंबईसह दहा शहरांत आणलं. ज्या गाडीला ९१ पुरतं तिला ते घालून ॲव्हरेज वाढत नाही.

मोजायची पद्धत एकच खात्रीची, टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य, आणि त्याच पंपाच्या त्याच नोझलला परत फुल, एकदा नाही, चार-पाच टाक्या. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा जास्तच दाखवतो. तुलना करताना किमी-लिटरपेक्षा १०० किमीला किती लिटर हे बघावं, ६ वरून ८ ला आलं तर शंभर किलोमीटरमागे ४ लिटरच्या वर वाचतात, १६ वरून १८ ला आलं तर पाऊण लिटरसुद्धा नाही, म्हणजे वाईट ॲव्हरेजच्या गाडीत थोडी सुधारणाही खिशाला कळते.

हायब्रिड स्पोर्ट्स कारमध्ये तफावत आणखी वाढली आहे. बीएमडब्ल्यू आय८ चा युरोपातला आकडा १०० किमीला २.१ लिटर, म्हणजे ४७ किमीच्या वर. ईपीएने तिला नुसत्या पेट्रोलवर गॅलनला २८ मैल दिले, म्हणजे आपले १२. युरोपच्या त्या हिशोबात भरलेल्या बॅटरीवरचे किलोमीटरही मोजले जातात आणि ती वीज पेट्रोलच्या आकड्यात कुठेच येत नाही.