जठरनिर्गम-संकोच

जठर संपून ग्रहणी (लहान आतड्याचा पहिला भाग) सुरू होते ते तोंड अरुंद झाल्याने अन्न पुढे न सरकणे, याला जठरनिर्गम-संकोच म्हणतात. ग्रहणीच्या सुरुवातीला किंवा थेट या तोंडाशी झालेल्या पेप्टिक अल्सरचा (आम्लाने चिघळणाऱ्या आतल्या जखमेचा) हा उपद्रव असू शकतो. ताज्या अल्सरभोवती सूज येते, स्नायू आखडतात. हा अडथळा औषधांनी काही दिवसांत उतरतो. वर्षानुवर्षे भरून पुन्हा उघडणाऱ्या अल्सरचा वण मात्र आकसत जातो आणि तोंड कायमचे आवळतो.

कोल्हापूर भागात अशा उलटीला सर्रास ‘पित्त पडलं’ म्हणतात आणि त्यात महिने निघून जातात. वास्तविक पित्त ग्रहणीत उतरते ते अडथळ्याच्या पुढे, म्हणून या उलटीत हिरवे-पिवळे पाणी नसतेच. सकाळच्या मिसळीतली मटकी रात्री तशीच बाहेर पडते, आंबूस वास येतो, उलटीनंतर एकदम हलके वाटते. जेवून चार तास झाल्यावरही रुग्णाला कमरेला धरून हलवले तर पोटात पाणी डचमळते. कृश रुग्णाच्या पोटावर डावीकडून उजवीकडे सरकणारी लाटही दिसते.

उलट्यांतून आम्ल, क्लोराइड आणि पाणी जाते, पोटॅशियम घटते, रक्त अल्कधर्मी होते. जळजळीवर खायचा सोडा घेतल्यास हा बिघाड आणखी वाढतो.

उपचारात आधी शिरेतून 0.9 टक्के सलाइन देतात. लघवी नीट होऊ लागली की पोटॅशियम. नाकातून जाड नळी घालून जठर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतात, नाहीतर एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) साचलेल्या अन्नाखेरीज काही दिसत नाही. एंडोस्कोपीत तुकडा काढून तपासणे आवश्यकच, कारण उतारवयात हाच अडथळा कर्करोगाचाही असू शकतो. सोबत आम्लरोधक इंजेक्शने चालतात.

अल्सरचे खापर तांबड्या रश्श्यावर फुटते. तिखटाने जळजळ वाढते, अल्सर होत नाही. खरी कारणे मुख्यतः दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू (त्याच्या शोधासाठी मार्शल व वॉरन यांना 2005चे नोबेल मिळाले) आणि तालमीतली किंवा ऊसतोडीची अंगदुखी मारायला मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. जंतूवर साधारण 14 दिवसांचा औषधक्रम असतो. वणाने आवळलेले तोंड एंडोस्कोपीतून फुगा फुगवून रुंद करतात; पण औषधक्रम अर्धवट सोडला, किंवा अंगदुखीच्या गोळ्या चालूच राहिल्या, तर ते पुन्हा आवळते. फुग्याने भागले नाही, तर जठर लहान आतड्याला जोडून अन्नाला दुसरी वाट करून देतात.